कुणाच्या हातात

"सर, हात काढा," ती म्हणाली.

समोरून धावपट्टी वर येत होती, डावीकडून वारा ढकलत होता, आणि विमानाचं नाक किंचित वाऱ्याकडे वळवून ती ते अगदी व्यवस्थित खाली आणत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, विनंतीही नव्हती. विमान शिकायला येण्याआधी बरीच वर्षं ती अतिदक्षता विभागात नर्स होती. नाकातल्या नळीशी चाळा करणाऱ्या पेशंटला सांगावं तसं तिनं ते सांगितलं. शेजारी बसलेल्या शिक्षकानं खाली पाहिलं. या शिकवणीच्या विमानांत शेजारी शेजारी दोन सीटा, दोन्ही सीटांपुढे विमान वळवायची एकेक स्टिक. एक हलली की दुसरी हलते. त्याच्या बाजूच्या स्टिकवर त्याची दोन बोटं आणि अंगठा होता. चिमटीत मीठ धरावं तसा. तो हात आपला आहे हे कळायलाच त्याला क्षणभर लागला. त्यानं तो उचलला आणि मांडीवर ठेवला, तिथं तो परक्यासारखा पडून राहिला. चाकं टेकली, डावं आधी, मग उजवं, मग पुढचं, वाऱ्यात जशी टेकावीत तशी. "बरं," तो म्हणाला. उत्तम झालं की तो एवढंच म्हणायचा, हे सगळ्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. धावपट्टीवरून विमान बाजूला घेताना ती म्हणाली, "राग नाही ना आला, सर? इतके दिवस मला वाटत होतं मीच उतरवतेय. आज लक्षात आलं, मी स्टिक नेते त्याच्या जराशी आधीच ती जातेय."

राग आला नव्हता. त्याला राग फारसा येत नसेच, त्याबद्दल तो प्रसिद्ध होता. विमान हँगरपाशी लावून तो चहाच्या टपरीकडे चालत गेला तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि बुटाला चिकटत होतं. चहाचा कप त्यानं उजव्या हातात धरला, मग डाव्यात घेतला. जराशी आधीच जातेय. त्याला ज्यानं शिकवलं तो माणूस ओरडायचा. लाकडी पट्टी घेऊन बसायचा आणि चूक झाली की बोटांच्या पेरांवर हाणायचा; उतरताना एकदा त्यानं अशी शिवी दिली होती की पुढे कितीतरी वर्षं धावपट्टी दिसली की आधी ती शिवी ऐकू यायची. आपण शिकवू तेव्हा आवाज चढवायचा नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं होतं आणि पाळलं होतं. आवाज चढवायची वेळच येत नसे. विद्यार्थ्याचा हात चुकीकडे निघाला की त्याची बोटं स्टिकला हलकेच स्पर्श करत, आणि चूक व्हायच्या आधीच मिटून जाई. विद्यार्थ्याला कळतही नसे. सरांकडे शिकताना भीती वाटत नाही, असं सगळे म्हणत. भीती कशी वाटेल? त्याचे कितीक विद्यार्थी आज मोठमोठी विमानं चालवतात, पाठीमागे शेकडो माणसं झोपलेली असतात. त्यांच्या पहिल्या पहिल्या लँडिंगांतली त्यांची किती आणि आपली किती? हे त्यांना पुढे कुठेतरी, एखाद्या वाऱ्यात, एकट्यानं शोधून काढावं लागलं असेल. त्यानं चहा अर्धा टाकला. माणूस दमतो तो काम केल्यानं, असं तो समजत होता. आता वाटलं, ही दमणूक दोघांचं काम एकट्यानं केल्याची आहे.

दुपारच्या शिकवणीला 'होसर' होता. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं. टपरीवाल्यापासून सगळे त्याला होसर म्हणत, कारण काहीही सांगा, तो "हो सर" म्हणायचा. आकाशात झाड आहे म्हटलं तर हो सर म्हणून वळसा घालेल, असा विनोद त्याच्यावर होता. चाळिशीचा, गोरटेला, नीट इस्त्री केलेल्या शर्टातला माणूस. घरचा खोके बनवायचा कारखाना होता. कंपनीसाठी एक लहान विमान घ्यायचं आणि धाकट्यानं ते चालवायला शिकायचं असं त्याच्या थोरल्या भावानं ठरवलं होतं. होसर वेळेवर यायचा, पाठ करायचा, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी काढायचा. हवेत मात्र तो शेजारी बसलेल्या पाहुण्यासारखा असायचा. त्याच्याबरोबरचा एक तास म्हणजे तीन तासांची दमणूक, आणि त्या दिवशी ऊन इतकं होतं की जमिनीवरून उठणारी हवा विमानाला सुपात पाखडल्यासारखी पाखडत होती. पहिल्या दोन फेऱ्यांना शिकवताना त्यानं स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. लँडिंग वाईट झाली, पण झाली. बोटांना मुंग्या येत होत्या. सिगारेट सोडल्यावर पहिले काही दिवस यायच्या तशा. तो स्वतःशी म्हणाला, सोड. एकदा त्याचं त्याला कळू दे. तिसऱ्या फेरीत होसरनं विमान जमिनीजवळ आणून सरळ केलं, पण फार वर, एखाद्या घराच्या गच्चीएवढ्या उंचीवर, आणि तिथंच धरून ठेवलं. वेग उतरू लागला. आता थोडं इंजिन द्यायला हवं, नाक अंमळ खाली. हे त्याला दिसत होतं, जसं रोजच दिसे. आता कळेल याला, असं त्याला वाटलं. आत्ता कळेल. वाऱ्याची शिट्टी मंद होत गेली. त्यानं होसरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती. गाडीत मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाचा असतो तसा तो शांत होता. आणि तेव्हा त्याला उमगलं. हा शांत आहे, कारण याला वाटतंय स्टिक माझ्या हातात आहे. विमान कुणीच चालवत नव्हतं. त्याचे हात मांडीखालून निघाले, पण तोवर विमानाखालची हवा निघून गेली होती.

ते पडलं ते नाकावर. पुढच्या चाकाचा पाय मोडला, नाकावरच्या पंख्याची पाती धावपट्टीला भिडून वाकली, तुटली, आणि विमान खरडत, तिरकं होत गवताच्या कडेला जाऊन थांबलं. मग इतकी शांतता झाली की कुठल्यातरी पक्ष्याचं ओरडणं ऐकू आलं. त्यानं पेट्रोल बंद केलं, बटणं बंद केली. हे सगळं हातांनी आपलं आपणच केलं. "उतरा, लांब जा," तो म्हणाला. "हो सर," होसर म्हणाला आणि उतरला. गवतात दोघं उभे राहिले. होसरनं डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं आणि तो पांढरा पडला होता. इकडे त्याच्या स्वतःच्या तोंडात काहीतरी उबदार, खारट लागलं. हेडफोनच्या माइकनं ओठ फाटला होता. आग विझवणारी गाडी येत होती, हँगरमधून माणसं धावत होती. "मला वाटलं तुम्ही घेतलंत, सर," होसर म्हणाला. तक्रार म्हणून नव्हे. एखाद्याची चूक झाली तर त्यानं ओशाळून सांगावं तसं.

घरी बायकोनं दार उघडलं, ओठाकडे पाहिलं आणि आत जाऊन वाटीत बर्फ घेऊन आली. काय झालं ते तिनं आधी विचारलं नाही. बर्फ लावताना विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, नर्सबाई काय म्हणाली तेही. ती म्हणाली, "तुमच्या बाजूच्या मॅटला भोक पडलंय, पाहिलंय का कधी?" कसली मॅट ते त्याला कळेना. "गाडीतली. मी चालवते तेव्हा तुम्ही शेजारी बसून ब्रेक मारता ना, ती. एवढी वर्षं गाडी मी थांबवते आणि घाम तुम्हाला येतो." ती हसत होती, पण डोळ्यांनी नाही. "आज नुसत्या ओठावर निभावलं नसतं तर? काय झालं असतं?" असं काहीतरी अर्धवट बोलून ती वाटी घेऊन उठली, आणि स्वयंपाकघरात नळ खूप वेळ उगाच चालू राहिला. तो खिडकीशी बसला. समोरच्या इमारतीत एक बाई गॅलरीतल्या दोरीवरून कपडे काढत होती. त्याला लेक आठवली. ती लहान असतानाही तो कधी ओरडला नव्हता. तिला चित्रकला शिकायला जायचं होतं तेव्हा तो नको म्हणाला नव्हता. "बघ बाई, तुझं तू ठरव," म्हणाला होता, आणि पुढचा महिनाभर जेवताना तो इतक्या सहज, इतक्या गोडीनं दुसऱ्या गोष्टी बोलत राहिला की तिनं ठरवलं तेव्हा ते त्याचंच होतं. तिला वाटलं आपलं. आता ती दुसऱ्या शहरात असते, तिचं लग्न झालंय, ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आहेत, आणि फ्रिज कोणता घ्यावा हे विचारायला ती त्याला फोन करते. ओळखीच्यांत तो हे कौतुकानं सांगायचा. बघा, अजून बापाला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे शाळेचे मुख्य, एकेकाळचे कॅप्टन, त्याच्याहून थोडे मोठे, त्याला अरेतुरे करणारे एवढेच उरले होते. त्यांच्या टेबलावर मोडक्या पंख्याचा तुकडा होता, कुणीतरी कशाला तरी आणून ठेवलेला. "बस. ओठ बरा दिसतोय," साहेब म्हणाले. "तुझा तो होसर काल दवाखान्यातून फोन करून म्हणाला, चूक पूर्ण माझी, सरांचा काही दोष नाही. मी विचारलंही नव्हतं. शिकाऊ माणसाची चूक, हाड एक मोडलं, विमानाचा विमा आहे. चौकशीवाले येतील, हेच सांगू, विषय संपेल." तो त्या तुकड्याकडे बघत होता. साहेबांनी चष्मा काढला. "कंट्रोल कुणाकडे होता?"

"कुणाकडेच नाही."

"असं नसतं रे. कुणाकडे तरी असतोच. तू 'माझ्याकडे' म्हणालास?"

"नाही."

"आणि 'तुमच्याकडे' म्हणून त्याला दिला होतास?"

हे दोन शब्द तो प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी, विमानात बसायच्याही आधी शिकवायचा. घेताना मोठ्यानं म्हणायचं, माझ्याकडे. देताना म्हणायचं, तुमच्याकडे. समोरच्यानं ते परत म्हणून दाखवायचं. त्यात गफलत नको, गफलतीत माणसं मरतात. शिकवायचा, आणि मग स्वतः कधी म्हणायचा नाही. म्हणायची गरज पडावी इतकं उघड त्यानं कधी काही घेतलंच नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "मी कधीच म्हणत नाही साहेब. मी न बोलता घेतो. काल न बोलता सोडला. त्याला कसं कळणार?" साहेब खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर कुणीतरी इंजिन तापवत होतं. "हे तू चौकशीत बोललास तर शिकवणं बंद होईल. किती दिवस, ते माझ्या हातात नाही. या वयात एकदा बंद झालं की..." पुढचं त्यांनी हातानं सांगितलं. "त्याची काही हरकत नसताना तू कशाला ओढवून घेतोस? त्याला कुठे पोट भरायचंय विमानावर?" खरंच, कशाला, असं त्यालाही वाटलं. त्यात सदाचार वगैरे काही नव्हता. त्याला फक्त दिसत होतं की होसरचं "चूक माझी" हेही त्याच "हो सर"पैकी आहे, आणि तेही जर आपण न बोलता घेतलं, तर मग घ्यायचं काही उरतच नाही. "कंट्रोल माझ्याकडे होता असं लिहा," तो म्हणाला. साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "घरी जा," ते म्हणाले. "झोप काढ. मढ्यासारखा दिसतोयस."

शिकवणं बंद झालं. पुढच्या आठवड्यात तो होसरला भेटायला गेला. मोठं घर होतं, दिवाणखान्यात जिकडेतिकडे थोरल्या भावाचे फोटो. कुठे फीत कापताना, कुठे हात मिळवताना. होसर प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता, उठायला लागला. "बसा," तो म्हणाला, "आणि आधी ऐका. चूक तुमची नव्हती. तसं मी सांगितलंय." "हो सर," होसर म्हणाला, आणि त्याला पटलेलं नाही हे दिसत होतं. दोघं थोडा वेळ हाताच्या दुखण्याबद्दल बोलले. मग त्यानं विचारलं, "हात बरा झाला की पुन्हा याल? मी नसलो तरी दुसरे सर चांगले आहेत." होसर प्लॅस्टरच्या कडेला सुटलेला एक धागा ओढत राहिला. "नाही सर," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखा त्यानं वर पाहिलं. "मला वर गेलं की काही दिसतच नाही, सर. म्हणजे दिसतं, पण माझं वाटत नाही. मला खोकी आवडतात. नव्या पुठ्ठ्याचा वास आवडतो." तो पहिल्यांदाच सलग एवढं बोलला असावा. त्याला होसरबद्दल एकदम माया वाटली. मग होसर दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "भावाला तुम्ही सांगाल का, सर?" ते शब्द ऐकताच त्याच्या जिभेवर ठरावीक, गोड, सहज वाक्य आलंही होतं, थोरल्या भावाला कसं गुंडाळायचं ते त्याला आत्ताच दिसत होतं. त्यानं ते गिळलं. "नाही," तो म्हणाला. "ते तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही, हे मी स्पष्ट सांगतोय, म्हणजे वाट बघत राहू नका." होसरचा चेहरा उतरला. धागा सोडून तो म्हणाला, "हो सर." होसरनं भावाला सांगितलं की नाही हे त्याला कधीच समजलं नाही. पण त्या कंपनीनं पुढे विमान घेतलं नाही, एवढं खरं.

नर्सबाईचा फोन आला. तिला दुसऱ्या सरांनी तपासलं होतं आणि ती एकटीनं उडायला तयार आहे असं ठरलं होतं. तुम्ही याल का, तिनं विचारलं. तो गेला आणि कुंपणाजवळ उभा राहिला. हातात रेडिओ नव्हता, गळ्यात ओळखपत्र नव्हतं. बघ्यांत आणि त्याच्यात काही फरक नव्हता. तिनं एक चक्कर मारली आणि उतरायला आली. शेवटच्या टप्प्यात वाऱ्याचा झोत आला, एक पंख खाली गेला. पँटच्या खिशात त्याची बोटं आवळली. पण ती उतरलीच नाही. इंजिन वाढवून, आवाज करत, त्याच्या डोक्यावरून वर निघून गेली. अशा वेळी त्यानं स्वतः उतरवलं असतं. पंख सावरून, बेमालूम. विद्यार्थ्याला कळलंही नसतं की इथं परत वर जाता येतं. दुसऱ्या खेपेला ती उतरली, किंचित आदळून, पण उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे कुणीतरी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. निथळत ती कुंपणापाशी आली. "सर, खरं सांगू? उतरताना तुमची आठवणसुद्धा आली नाही." त्याला हसू आलं, इतक्या जोरात की फाटलेला ओठ पुन्हा ताणला गेला. "बरं," तो म्हणाला.

लेकीचा फोन त्यानंतर आला. दुपारचा तो पडला होता. हल्ली त्याला फार झोप यायची, जणू वर्षानुवर्षांची उसनवारी शरीर फेडून घेत होतं. बायकोनं फोन आणून दिला. लेकीला बढती मिळत होती, पण दूरच्या शहरात. नवऱ्याची नोकरी इथं. जावं की नाही? नवरा म्हणतो तुझं तू ठरव. सासूबाई काही बोलत नाहीत, म्हणजे खूप बोलतात. "तुम्ही सांगा ना बाबा." त्याला ताबडतोब दिसलं काय करायला हवं. जाऊ नये. दोन संसार म्हणजे दोन्हीकडे अर्धे. वर्षभर थांबलं तर इथेच काहीतरी निघेल. सगळं स्वच्छ दिसत होतं, वारा, उंची, वेग. "मला काय वाटतं ते मला माहीत आहे," तो म्हणाला, "पण ते मी तुला सांगणार नाही. आणि आडूनआडूनही सुचवणार नाही. म्हणून आत्ताच सांगून टाकतो. तू ठरव."

"असं काय करताय? मी काही चुकले का?"

"नाही ग. चुकायला मी कधी दिलंच नाही."

"बाबा, मला भीती वाटतेय हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी लहानपणीसारखा झाला. एक शब्द पुरला असता. "वाटणारच," तो म्हणाला. "मी फोनवर आहे. रड हवं तर. पण ठरव तू." तिनं फोन ठेवून दिला. बायको दारात उभी होती. "रागावली?" "हो." "मग मी करू का फोन?" "तुझं तू बघ," तो म्हणाला, आणि ते नेहमीच्या गोडीत निघालं की काय असं वाटून त्यानं घाईनं पुढे जोडलं, "म्हणजे खरंच." बायको पलंगाच्या कडेला बसली. तिनं फोन केला नाही.

लेक दहाबारा दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी तिनं आईला कळवलं की ती जाते आहे. निघायच्या दिवशी दोघं तिला पोचवायला गेली. जावई सामान चढवत होता आणि हसत होता, हसताना त्याचे डोळे लाल होते. लेकीनं बापाला मिठी मारली, आणि कानाशी म्हणाली, "आता तरी सांगा, तुम्ही काय सांगितलं असतं?"

"आता ते जुनं झालं," तो म्हणाला.

गाडी सुटली. ती खिडकीतून हात हलवत होती, मग वळणावर दिसेनाशी झाली. तिनं चूकच केली असं त्याला त्या क्षणी वाटत होतं, आणि पुढेही बरेच दिवस वाटत राहिलं.